प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत, तेव्हा

*ताई, दीड वर्षापूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "तुमची श्रद्धा कमी पडतेय, नाहीतर प्रभूने केव्हाच बरं केलं असतं." त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाहीत, उलट देवाचा राग येतो. कधी वाटतं, सकाळी डोळे उघडूच नयेत. मी ख्रिस्ती तरी उरले आहे का?*

प्रिय ताई,

आधी त्या बाईंच्या बोलण्याविषयी. बायबलमधल्या, सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' सुरू झालं. देवाने पुढे ईयोबालाही सुनावलं, पण माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं त्या मित्रांना बजावलं. आणि प्रेषित पौलाने तर शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. पौलाची श्रद्धा कमी पडली, असं म्हणायला कोण धजावेल? तुम्हीही ते स्वतःला म्हणू नका.

आता रागाचं. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा जो तो मला 23वं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', वाचायला सांगायचा. इतकं पाठ असलेलं, पण तोंडातून निघेना. एका रात्री तिच्या उशाशी बसून पानं चाळताना 88व्या स्तोत्रावर थांबले. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अठरा वचनं नुसती तक्रार: मी रोज हाक मारतो, तू तोंड का लपवतोस? आणि शेवट अंधारात. मी रडले, पण कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच एकटी नव्हते. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांनी हे स्तोत्र गाळलं नाही, म्हणजे असं बोलायलाही तिथे जागा आहे. खुद्द प्रभू वधस्तंभावर 22व्या स्तोत्राचे शब्द बोलला: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्या आकांतातही तो 'माझ्या देवा' म्हणाला. तुमचा राग ज्याच्यावर आहे, त्याच्याशी तुमचं नातं तुटलेलं नाही, ताई.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मात्र माझा जीव कासावीस झाला. सकाळी डोळे उघडू नयेत असं वाटतं, हे डॉक्टरांना सांगा, याच आठवड्यात, यजमानांच्या तपासणीच्या वेळी तुमच्यासाठी वेगळी वेळ मागून. आणि जीव संपवण्याचा विचार मनात आला, तर एक क्षणही एकट्या राहू नका, ताबडतोब कुणालातरी जवळ बोलवा. यात श्रद्धेला काही कमीपणा नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. पुढचं बोलणं त्यानंतर. दीड वर्ष तुम्हाला सलग चार तासांची झोप नाही. अशा शरीरात प्रार्थना उमटणार कुठून?

म्हणून झोपेची सोय आधी करा. मार्काच्या शुभवर्तमानात चौघांनी पक्षघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडलं. तो माणूस उठून चालू लागला, हे वाचताना तुम्हाला टोचेल, ठाऊक आहे मला. मी बोट दाखवतेय ते दुसऱ्याच गोष्टीकडे: येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. बाज वाहून आणणाऱ्यांचा. तुम्हाला प्रार्थना जमत नाही तोवर ती दुसऱ्यांना वाहू द्या. चर्चच्या पाळकांना स्पष्ट सांगा: आठवड्यातून दोन रात्री कुणीतरी येऊन कूस बदलण्याचं काम करावं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना वार आणि वेळ नेमून द्या. संकोच वाटेल, तरी द्या.

बाकी आज रात्री तीन वाजता उठाल तेव्हा, यजमानांना कुशीवर केलंत की, 88वं स्तोत्र उघडा. वाचता आलं तर मोठ्याने वाचा. नाहीतर पान नुसतं उघडं ठेवून झोपा. तुम्हा दोघांसाठी मी रोज प्रार्थना करते आहे, आणि डॉक्टरांशी बोलणं झालं की मला कळवा.

तुमची,
ताई