खाजेच्या मलमाने आधी आराम, आता आग : हा साइड इफेक्टच आहे का?

जांघेतल्या खाजेवर मलम लावलं, दोन दिवसांत बरं वाटलं, बंद केल्यावर चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत आला आणि आता मलम लावलं की आग होते, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. समोरच्या ठळक नावावरून काहीच कळत नाही.

क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर त्यात स्टेरॉइड आहे. ते खाज आणि लाली झपाट्याने दाबतं, म्हणूनच दोन दिवसांत 'गुण' येतो. पण गजकर्ण, म्हणजे बुरशीमुळे होणारा चट्टा, असेल तर त्याने बुरशी मरत नाही. त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी आत आरामात पसरते. चट्ट्याची लाल, उठावदार कडसुद्धा पुसट होते, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. 'सोबत बुरशीचं औषधही आहे ना त्यात' हा युक्तिवाद मला पटत नाही. खाज थांबली की माणूस मलम सोडतो आणि बुरशीचा कोर्स अर्धवट राहतो.

त्यात जांघेची जागा नाजूक. कातडी पातळ, घडी पडलेली, कायम दमट, त्यामुळे औषध जास्त मुरतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या जुन्या मोजणीत हाताच्या तुलनेत वृषणाच्या त्वचेतून सुमारे ४२ पट औषध शोषलं गेलं होतं. तीव्र स्टेरॉइड तिथे आठवडेच्या आठवडे लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गर्भारपणात पोटावर उमटतात तसे पट्टे पडतात. रंग फिका पडला तर बहुधा भरून येतो. पट्टे मात्र जात नाहीत.

आता आगीबद्दल. खाजवून सोलवटलेल्या जागी लावल्यावर काही मिनिटं चुरचुरणं साधं आहे. दर वेळी आग वाढत असेल, पाणी सुटत असेल, बारीक फोड येत असतील किंवा पुरळ मलम लावलेल्या जागेबाहेर सरकत असेल, तर ॲलर्जीचा संशय घ्या. निओमायसिन हे मलमातलं अँटिबायोटिक त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. मलमातला सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली रसायनंही त्रास देतात. चेहरा-ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

तुमच्या बाबतीत ही ट्यूब आजपासून बंद, आणि तिच्या जागी दुसरीही आणू नका. त्वचारोगतज्ज्ञांना विचारा, खवल्याची केओएच तपासणी करता येईल का. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दुखत नाही. जाताना ट्यूब सोबत न्या आणि किती आठवडे लावलं ते खरं सांगा. हेच मलम चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावणारं घरात कोणी असेल, तर त्यांनी मात्र मनानेच एकदम सोडू नये. चेहरा लालबुंद होऊन भडकतो, म्हणून कसं कमी करायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.