डॉससाठीचा इन्फोकॉम संग्रह अटारी एसटीवर खेळता येईल का?

धरमपेठेतल्या घरी जपलेल्या अटारी एसटी या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकावर, आपल्याकडचा डॉससाठीचा (जुन्या पीसीसाठीचा) ‘लॉस्ट ट्रेझर्स ऑफ इन्फोकॉम’ (१९९१) हा खेळांचा संग्रह चालेल का, असे आपण विचारले आहे. त्यातील बहुतेक खेळ चालतील.

मजकुरावर चालणारे खेळ करणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने १९७९मध्ये ‘झेड-मशीन’ नावाचा एक काल्पनिक संगणक कागदावर रचला आणि आपले खेळ त्याच्यासाठीच लिहिले. त्यामुळे खेळाची कथा-फाइल सर्व यंत्रांवर सारखीच राहते आणि ती वाचून खेळ चालवणारा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, तेवढा यंत्रागणिक बदलतो. संग्रहातील ‘ईएक्सई’ फाइल, म्हणजे डॉसचा इंटरप्रिटर, एसटीला निरुपयोगी आहे, पण ‘डॅट’ फाइल, म्हणजे कथा-फाइल, तशीच्या तशी उपयोगी पडते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ती उघडून पहिला बाइट पाहावा, तो झेड-मशीनची आवृत्ती सांगतो: तिथे ३ असेल, तर फाइल १२८ किलोबाइटच्या आतली आणि बिनत्रासाची, ४ किंवा ५ असेल, तर ती मर्यादा २५६ किलोबाइट असते आणि इंटरप्रिटरही त्या आवृत्तीचा लागतो. ६ म्हणजे ‘झॉर्क झिरो’सारखा चित्रांचा खेळ, त्याचा नाद एसटीवर न केलेलाच बरा.

इंटरप्रिटर शोधणे अवघड नाही, कारण इन्फोकॉमने आपले अनेक खेळ एसटीसाठीही विकले होते. फायली नेताना ७२० किलोबाइटची फ्लॉपी पीसीवरच फॉरमॅट करावी, म्हणजे ती दोन्हीकडे वाचली जाते; १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी मूळ एसटी वाचत नाही. मूळ फ्लॉप्या माळ्यावर असतील, तर नागपूरच्या मे महिन्याआधीच त्यांच्या प्रती काढाव्यात.