अंगणात आपल्या कुत्र्याचे शिल्प उभारताना काय विचारात घ्यावे?

आपण विचारले आहे की, तेरा वर्षे घरात वावरलेला कुत्रा गेल्यावर अंगणात त्याचे शिल्प उभारायचे आहे, तर ते दगडाचे करावे की धातूचे. आणि घरातील वडीलधाऱ्यांना हा विचारच विचित्र वाटतो, त्यांना काय सांगावे. चार वर्षांपूर्वी आम्ही आमच्या भुऱ्याचे शिल्प घडवून घेतले, त्या अनुभवावरून लिहितो.

वडीलधाऱ्यांना आतकूरच्या वीरगळाची हकीकत सांगा. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात सापडलेला हा दगड इ.स. 949-950 चा, म्हणजे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला आहे. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या वीराने गंग राजा बूतुग याच्याकडून बक्षीस म्हणून काली नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे ते एका रानडुकराशी झुंजले आणि त्या झुंजीत दोघांचाही अंत झाला. मणलेराने कालीच्या स्मरणार्थ दगड उभारला, त्यावर ती झुंज कोरली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीनही नेमून दिली. कुत्र्याचे स्मारक हे परक्यांचे खूळ नाही, हे पटवायला एवढे पुरेसे आहे. तो दगड आता बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे.

दगड की धातू हा प्रश्न मला दुसरा वाटतो. कुत्रा कोणत्या क्षणी दाखवायचा, हे आधी ठरवावे. धनी वारल्यावरही वर्षानुवर्षे स्थानकावर त्याची वाट पाहणाऱ्या जपानमधील हाचिको या कुत्र्याची दोन शिल्पे पाहा. टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर 1934 साली, तो जिवंत असतानाच बसवलेले शिल्प युद्धकाळात धातूसाठी वितळवले गेले आणि 1948 मध्ये नव्याने उभारले गेले. त्यात तो धन्याची वाट पाहत बसला आहे. टोकियो विद्यापीठात 2015 साली बसवलेल्या शिल्पात मात्र तोच कुत्रा आपल्या धन्याच्या, म्हणजे प्राध्यापक उएनो यांच्या अंगावर आनंदाने झेपावतो आहे. एकात विरह आहे, दुसऱ्यात भेट. आपल्याला रोज सकाळी दार उघडल्यावर यांतले काय दिसावे, याचा घरातल्या सर्वांनी मिळून विचार करावा.

आमची चूक इथेच झाली. शिल्पकाराने मातीचा पहिला नमुना केला तो छाती काढून, कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचा. कारागिरी उत्तम होती, पण आई म्हणाली, "आपला भुऱ्या असा कधी बसलाच नाही." तो उंबऱ्याशी आडवा पडून पुढच्या पायांवर हनुवटी टेकवत असे. आम्ही दिलेले सगळे फोटो चेहऱ्याचेच होते. बाजूने, मागून आणि वरून काढलेले फोटो शोधून दिले, सोबत त्याचा गळपट्टा दिला, तेव्हा मानेचा घेर आणि खांद्यांचा बांधा जुळून आला.

एकदा क्षण ठरला की माध्यम बरेचसे आपोआप ठरते. पहुडलेल्या कुत्र्याचे पाय आणि शेपूट अंगाला लागून राहतात, त्यामुळे आपल्याकडचा काळा पाषाण त्याला उत्तम. चार बारीक पायांवर उभा किंवा झेपावणारा कुत्रा हवा असेल तर कांस्यच घ्यावे, कारण दगडात असे पाय तुटण्याची भीती राहते. कांस्य पोकळ ओतलेले असते, म्हणून आत पाणी साठू नये यासाठी तळाला छिद्र ठेवायला सांगावे. संगमरवर उघड्यावर ठेवू नये. पावसाने त्याचे बारीक कोरीवकाम हळूहळू झिजते. चौथरा वीतभरच उंच ठेवावा, कारण आपण आपल्या कुत्र्याकडे जन्मभर वरूनच पाहिलेले असते, आणि पाणी साचू नये म्हणून चौथऱ्याला किंचित उतार द्यावा.

पावसाळ्यात पाठीवर शेवाळ चढेल, ते आम्लाने न काढता साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावे. आमच्याकडे आई ते काम दुसऱ्या कोणालाही करू देत नाही.