पाच महिन्यांचं लॅब्राडोर चपला, सोफ्याचे पाय कुरतडतंय, ओरडूनही ऐकत नाही. काय करू?

ओरडणं थांबवा आणि चपला कपाटात ठेवा. या वयात चावणं बंद होत नाही, फक्त चावायची वस्तू बदलता येते. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात 28 दुधाचे दात पडून 42 पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. जुना पंचा ओला करून पीळ द्या, फ्रीजरमध्ये कडक करा आणि तुमच्या देखत चघळू द्या. तोंडातली चप्पल ओढू नका, त्याला तो खेळ वाटतो (लॅबला तर जास्तच). खाऊ दाखवून अदलाबदल करा. शिजवलेलं हाड मात्र कधीच नको, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. पण घरात कोणी नसतानाच दाराची चौकट ओरबाडत असेल, तर कारण दात नसून एकटं राहण्याची भीती असू शकते; तेव्हा पशुवैद्याला विचारा.