घाटातल्या वाफेच्या इंजिनांचा नाद लागलाय? सुरुवात इथून करा

गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कुळे–कॅसलरॉक रेल्वे घाटाचं वेड लागलं, छान झालं! इंजिनांच्या तांत्रिक खोलात आत्ता शिरू नका.

आधी माणसं गाठा. वास्को, कुळे, सावर्डे भागात निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, गार्ड भेटतील. 1:40 चा चढ (40 फूट पुढे गेलं की 1 फूट वर), मागून ढकलणारं बँकर इंजिन, बोगद्यात कोंडणारा धूर, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मध्ये न तोडता बोलू द्या. चहा दोनदा होईल, होऊ द्या. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी नाव, हुद्दा, अंदाजे साल लिहून ठेवा. फोटो काय, नंतरही मिळतात.

नवखे हमखास चुकतात त्या गोष्टी:

– प्रत्येक जुना फोटो ‘पोर्तुगीजांच्या काळातला’ समजणं. हा मार्ग 1880च्या दशकातला खरा, पण मीटरगेज (एक मीटर रुंदीचा रूळमार्ग) 1961 मध्ये पोर्तुगीज गेल्यानंतरही कितीतरी वर्षं होता. इंजिनावर ‘वायपी’ किंवा ‘वायजी’ (YP, YG, मीटरगेज वाफेच्या इंजिनांचे प्रकार) दिसलं, तर ते स्वातंत्र्योत्तर भारतीय रेल्वेचं.

– घाटातला दूधसागर धबधबा पाहायला रुळांवरून चालत जाणं. बंदी आहे, दंड होतो, आणि बोगद्यात अंग चोरायलाही जागा नसते. घाट पाहायचा तर सरळ गाडीने जा, पावसाळ्यात.

मॉडेल बनवायचं मनात असेल तर सहा महिन्यांनी विचारा.