सँगरबाईंचं पत्र आणि कागदावरची फुली

उत्तराला दोन दिवस लागले, रागावू नका. चार ओळींत उरकायचा हा विषय नव्हे.

ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॅलसच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक कृष्णवर्णीय मैत्रीण प्रश्नकर्तीला म्हणाली, की अमेरिकेतली संततिनियमनाची चळवळ मुळात काळ्यांचा वंश खुंटवायलाच निघाली, त्या चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगरबाईंनी तसं पत्रात लिहून ठेवलंय, आणि आजचे गर्भपात हा त्याच कटाचा पुढचा अंक. हिने घरी येऊन शोधलं, तर निम्मे लोक म्हणतात खरंय, निम्मे म्हणतात शुद्ध थाप. त्यात कुणीतरी आपल्या र. धों. कर्व्यांनाही त्याच माळेत ओवलेलं सापडलं. तर खरं काय?

मी इतिहासाची प्राध्यापिका नाही. सरकारी नोकरीत ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली निम्मी कुटुंबनियोजनाच्या कामात गेली. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत जाणं-येणं सुरू झालं, आणि तिथल्या वाचनालयात बसून हे सगळं वाचायची खोड लागली.

पत्र खरं आहे. १० डिसेंबर १९३९ ला सँगरबाईंनी ते डॉ. क्लॅरेन्स गॅम्बल यांना लिहिलं. हे साबणवाल्या गॅम्बल घराण्यातले, चळवळीला पैसा पुरवणारे. दक्षिणेतल्या राज्यांत ‘निग्रो प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम तेव्हा घाटत होता. काळ्या वस्त्यांत संततिनियमनाचा प्रचार करायचा तर तिथले पाद्री हाताशी हवेत, हा पत्राचा विषय. त्यातच ते वाक्य येतं: निग्रो लोकसंख्या नष्ट करायचा आपला बेत आहे असा बोभाटा व्हायला नको, आणि त्यांच्यातल्या एखाद्या बंडखोराच्या मनात तसं आलंच, तर ती समजूत पाद्रीच काढू शकेल. वाक्य एकटं उचललं की कबुलीजबाब वाटतो. पत्र सलग वाचलं की दिसतं, बाई अफवेला घाबरल्या होत्या. मेरी मॅक्लाउड बेथून, डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस अशी काळ्या समाजातली मोठी माणसं या उपक्रमाच्या पाठीशी होती. वंश संपवायच्या कटात ती सामील झाली असं म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने तसं सिद्ध करावं.

पण म्हणून ते वाक्य धुतल्या तांदळासारखं होत नाही. आमच्या मासिक बैठकीत साहेब म्हणायचे, ‘सरपंचाला हाताशी धरा, म्हणजे बायका आपोआप येतील.’ तोच सूर आहे हा. आणि ‘निग्रो प्रोजेक्ट’ पुढे चाललाही तसाच. सँगरबाईंचं म्हणणं होतं की आधी काळे डॉक्टर आणि पाद्री नेमून वस्त्यांत लोकशिक्षण करावं. वरच्या मंडळींनी सरळ नॅशव्हिल आणि साउथ कॅरोलायनाच्या बर्कली परगण्यात केंद्रं काढून टाकली.

बाईंच्या नावावर आणखी एक वाक्य फिरतं, अडाणी निग्रो बेफिकिरीने आणि घातक रीतीने पैदास करतात, अशा अर्थाचं. ते त्यांचं नाही. ते दु बॉइस यांचं आहे, १९३२ सालचं, बाईंनी सुरू केलेल्या मासिकात छापलेलं. काळ्यांच्या सर्वांत मोठ्या विचारवंताने स्वतःच्याच समाजातल्या गरिबांबद्दल असं लिहावं, हे मला त्या पत्रापेक्षा जास्त खटकलं. त्या काळची शिकलेली माणसं, गोरी काय नि काळी काय, गरिबाच्या पाळण्याकडे एकाच नजरेने बघत होती.

आता मुळाकडे जाऊ. १९१६ च्या ऑक्टोबरात ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात, ४६ अँबॉय स्ट्रीटवर, सँगरबाईंनी अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. वस्ती ज्यू आणि इटालियन मजुरांची. काळ्यांचा तिथे संबंधच नव्हता. जाहिरातीचं पत्रक इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत होतं. त्यातला मजकूर वाचण्यासारखा आहे: आयांनो, मोठं कुटुंब तुम्हाला परवडतं का? आणखी मुलं हवीत का? नको असतील तर का होऊ देता? आणि पुढे ठळक अक्षरांत, ‘मारू नका, जीव घेऊ नका, प्रतिबंध करा.’ म्हणजे गर्भपात करू नका. नर्स म्हणून न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करताना चोरून पाडलेल्या गर्भांपायी मेलेल्या बायका त्यांनी बघितल्या होत्या. केंद्र जेमतेम नऊ-दहा दिवस चाललं, पोलिसांनी धाड घातली आणि बाईंना तीस दिवसांची कैद झाली. गर्भपाताच्या कटाची आद्य सूत्रधार म्हणून जिचं नाव घेतात, तिच्या पहिल्या केंद्राचं पत्रक हे असं.

मग बाई निर्दोष का? मुळीच नाही. त्यांचा खरा दोष त्या पत्रात शोधून सापडणार नाही, तो सुप्रजाशास्त्राशी केलेल्या संगतीत आहे. चांगल्या बियाण्याची पैदास वाढवा, वाईट बियाणं थांबवा, हा तो विचार. १९२० नंतर चळवळीला डॉक्टरांची, प्राध्यापकांची, पैसेवाल्यांची मान्यता हवी होती, आणि ही सगळी मंडळी सुप्रजावाली होती. बाईंनी हात पुढे केला आणि तो हात पुढे सोडला नाही. ‘मंदबुद्धी’ माणसांची नसबंदी करा नाहीतर त्यांना वेगळं डांबून ठेवा, असं त्या लिहीत होत्या. १९२६ मध्ये न्यू जर्सीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या महिला शाखेपुढे भाषण देऊन आल्या, आणि तसं स्वतःच्या आत्मचरित्रात सांगूनही टाकलं. २०२० साली त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेने मॅनहॅटनच्या केंद्रावरचं त्यांचं नाव उतरवलं ते याच कारणाने.

इथे एक मराठी धागा आहे, तो कर्व्यांकडे जाण्याआधी सांगते. १९२७ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी भारतात सुप्रजाशास्त्राची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची. प्राध्यापक म्हणजे आपले ना. सी. फडके! आईच्या कपाटात त्यांच्या गुलाबी कादंबऱ्यांची रांग असायची, त्यामुळे मला हे कळलं तेव्हा मी चहा तसाच ठेवून पान पुन्हा वाचलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

काळ्या बायकांवर अत्याचार झाले ते सँगरबाईंच्या केंद्रांत नव्हेत. ते झाले सरकारी दवाखान्यांत, कायद्याच्या संरक्षणाखाली. १९०७ मध्ये इंडियानाने सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला, पुढे तीसहून जास्त राज्यांनी. १९२७ साली व्हर्जिनियाच्या कॅरी बक या मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ती गोरी होती, गरीब होती, आणि बलात्कारातून तिला मूल झालं होतं. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, ‘मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या.’ आठ विरुद्ध एक मताने तिची नसबंदी वैध ठरली. त्या तिसऱ्या पिढीचं, म्हणजे कॅरीच्या लेकीचं, नाव पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत लागलं. आठव्या वर्षी ती पोर आजाराने गेली.

पुढे या कायद्याचं तोंड काळ्यांकडे वळलं. नॉर्थ कॅरोलायनात १९७४ पर्यंत सुमारे ७,६०० जणांच्या नसबंद्या झाल्या. शेवटच्या दशकांत त्यात काळ्या बायकांचा भरणा वाढत गेला. मिसिसिपीत १९६१ साली फॅनी लू हेमर गर्भाशयातली गाठ काढायला दाखल झाल्या आणि न विचारता त्यांचं गर्भाशयच काढून टाकलं गेलं. तिकडे हा प्रकार इतका सर्रास होता की लोकांनी त्याला नाव पाडलं होतं, ‘मिसिसिपी अपेंडेक्टॉमी’, म्हणजे मिसिसिपीतलं अपेंडिक्सचं ऑपरेशन. पुढे मतदानाच्या हक्कासाठी मार खाल्लेल्या या बाई गर्भपाताच्या आणि गोळ्यांच्याही कट्टर विरोधात गेल्या. ज्या बाईचं गर्भाशय चोरीला गेलंय तिने असं म्हणावं यात मला नवल वाटत नाही.

आणि १९७३ चा जून. अलाबामातलं माँटगोमेरी. रेल्फ घरातल्या दोन बहिणी, एक १४ वर्षांची, एक १२ ची. सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रातून त्यांना आधी गर्भनिरोधक इंजेक्शन मिळायचं. त्या दिवशी आईसमोर कागद आला. तिला वाटलं इंजेक्शनचाच आहे. लिहिता-वाचता येत नव्हतं, तिने फुली मारली. दोघी मुलींची नसबंदी झाली. खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीश गेसेल यांनी नोंदवलं, की केंद्र सरकारच्या पैशातून दर वर्षी एक ते दीड लाख गरीब माणसांच्या नसबंद्या होतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना भत्ता बंद करण्याची धमकी मिळालेली असते. त्यानंतर नियम आले: वय किमान २१, आणि सही व ऑपरेशन यांच्यात तीस दिवसांचं अंतर.

ही फुली मी पाहिलेली आहे. १९७६ मध्ये मी शिकाऊ होते, आणि शिबिरात टेबलावर शाईचं पॅड धरून बसायचं काम माझं. शेतमजूर यायचे, काही आपणहून, काही जीपमधून उतरवलेले. डावा अंगठा, पॅड, कागद, पुढचा. मजकूर वाचून दाखवा असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते तसंच राहिलं. त्यामुळे अलाबामाच्या त्या आईबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येत नाही, निळा अंगठा येतो.

म्हणून तुमच्या मैत्रिणीची भीती मी थाप म्हणणार नाही. पण तिचं दुसरं टोक, म्हणजे आजचा गर्भपात हा त्याच कटाचा भाग, हे मला पटत नाही. का, ते सांगते.

एक तर वंशाचं राजकारण गर्भपाताच्या विरोधकांनीही खेळलंय. १८५७ पासून डॉ. हॉरेशियो स्टोरर यांनी गर्भपातबंदीची मोहीम चालवली, तेव्हा त्यांची एक चिंता अशी होती की गोऱ्या प्रॉटेस्टंट बायका मुलं होऊ देत नाहीत, मग पश्चिमेकडचा मोकळा मुलूख कुणाच्या पोरांनी भरायचा, आपल्या की परक्यांच्या? आज बंदीवाल्यांना स्टोररवरून कुणी हिणवत नाही, नसबंदीवाल्यांवरून परवानगीवाल्यांना मात्र हिणवतात.

दुसरं, या भांडणात काळ्या बायका काय म्हणत होत्या ते कुणी विचारत नाही. १९६८ साली पिट्सबर्गच्या होमवुड भागात काळ्या पुढाऱ्यांनी ‘हा वंशसंहार आहे’ म्हणून संततिनियमनाचं फिरतं केंद्र धमक्या देऊन बंद पाडलं. तिथल्याच, सरकारी मदतीवर जगणाऱ्या काळ्या बायका उठल्या, आम्हाला विचारल्याशिवाय तुम्ही कोण ठरवणार म्हणाल्या, आणि केंद्र परत चालू करायला लावलं. शर्ली चिझम, संसदेत निवडून गेलेली पहिली काळी बाई, हिने वंशसंहाराच्या त्या आरोपाला पुरुषांनी पुरुषांच्या कानांसाठी केलेली भाषणबाजी म्हटलं. १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या काळ्या कार्यकर्त्यांनी दोन्ही गोष्टी एका दोरीत बांधल्या: मूल नको म्हणण्याचा हक्क, आणि मूल हवं म्हणण्याचाही. अंगठ्याचं पॅड धरलेल्या माझ्यासारखीला ही मांडणी लगेच कळते.

तरी मैत्रिणीच्या हातात एक आकडा राहतोच. काळे लोकसंख्येच्या तेरा-चौदा टक्के, पण नोंदल्या गेलेल्या गर्भपातांत काळ्या बायका चाळीस टक्क्यांच्या आसपास. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एका निकालाला जोडून गर्भपात आणि सुप्रजाशास्त्र यांचं नातं सांगणारं लांबलचक टिपण लिहिलं, त्यातही हीच विषमता मांडलेली आहे. ते स्वतः काळे, त्यामुळे त्याला वजन आलं. आकडा खोटा नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा ठेवा: २०२१ साली तिथे एक लाख जन्मांमागे ६९.९ काळ्या माता दगावल्या, गोऱ्या २६.६. बाळंतपणाची भीती, विम्याची बोंब, पगार, घरभाडं, हे सगळं त्या चाळीस टक्क्यांत आहे. कुणी जीपमध्ये घालून आणलेल्या त्या बायका नाहीत.

राहिले कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांचा भर बाईच्या सुखावर आणि बाईच्या मर्जीवर. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. त्याच आंबेडकरांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या ठरावासाठी भाषण लिहून दिलं. पुरुषाला बाळंतकळा सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी राजी झाला नसता, असं त्यात आहे. ठराव पडला. दलितांची संख्या घटवायचा कट म्हणून तो ठराव कुणी वाचत नाही. कर्व्यांना सँगरबाईंच्या माळेत ओवायचं असेल तर अँबॉय स्ट्रीटच्या पत्रकापाशी ओवा, सुप्रजाशास्त्रापाशी बसवायला फडके आहेत.

मैत्रिणीशी पुन्हा बोलाल तेव्हा पत्राचा विषय काढू नका. तिची आजी कुठल्या गावची ते विचारा. मिसिसिपी किंवा नॉर्थ कॅरोलायना म्हणाली, तर जेवणाची सुट्टी पुरणार नाही, डबा बाजूला ठेवून ऐकावं लागेल.