दोन खोल्या आणि दहा हजार रुपये

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री दोनदा बघितले. पुण्यात नारायण पेठेतली जुनी इमारत, दोन खोल्या, 11 महिन्यांचा करार आणि हातात 10,000 रुपये. खाली तू विचारलं आहेस, "घर उदास वाटतं, काय विकत आणू?" मी 30 वर्षं लोकांच्या घरचे पडदे शिवले, पुढे लहान घरं लावून द्यायला लागले, आणि जो तो पहिला प्रश्न हाच विचारायचा. पहिले 15 दिवस काही आणू नकोस. तुझं घर मळलेलं आहे, अंधारं आहे आणि आधीच्या भाडेकरूचा पसारा अजून तिथेच आहे. यातल्या एकाही गोष्टीवर बाजारात औषध मिळत नाही.

तेव्हा मालकांना विचारून तो डुगडुगणारा टीपॉय आणि धूळ खाल्लेली प्लास्टिकची फुलं बाहेर काढ. मग खिडकीच्या काचा, गज, पंख्याची पाती, दाराच्या कडांवरचे हातांचे काळे डाग. नुसत्या काचा धुतल्या तरी खोलीत किती उजेड येतो ते बघच.

फरशीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तुला "जुनाट" वाटलेली ती फरशी मला फार आवडली. ती मोझॅक आहे. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे घालून, घासून गुळगुळीत केलेली. आता काळवंडली आहे ती बहुतेक साबण आणि मळाच्या थरांनी. कुणीतरी तुला ॲसिड टाकून धुवायला सांगेल. अजिबात ऐकू नकोस. संगमरवर चुनखडीच्याच जातीचा. ॲसिड पडलं की फेसाळतो, आणि गेलेली चमक मशीनने पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. लिंबू आणि व्हिनेगरही नको. स्वयंपाकघरात शहाबादी आहे, तिलाही हेच लागू. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि साधा ब्रश घे. एका वेळी वीतभर-हातभर जागाच घास आणि मळकट पाणी लगेच फडक्याने टिपून घे. ते तसंच वाळलं तर मळ पुन्हा तिथेच बसतो. एक रविवार जाईल, गुडघे दुखतील. पण तांबडे-पिवळे तुकडे वर यायला लागले की उठवणार नाही.

मग उजेड. बैठकीच्या खोलीत एकच पांढरी ट्यूब आहे. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लाव. 6500 म्हणजे निळसर पांढरा प्रकाश. ओट्यावर कामाला ठीक, पण संध्याकाळी दमून आल्यावर त्यात बसवत नाही. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, घरगुती. असे 9 वॅटचे दोन एलईडी आण आणि त्यातला एक कोपऱ्यात, बसल्यावर खांद्याच्या उंचीवर येईल असा लाव. सगळ्या खर्चात हा सर्वात स्वस्त आणि फरक सर्वात मोठा.

तिसऱ्या फोटोत खिडकीखाली पोपडे दिसले आणि माझ्या पोटात कालवलं. आमच्या पहिल्या घरात अशाच भिंतीवर मी दिवाळीच्या तोंडावर हौसेने रंग काढला होता. पुढच्या श्रावणात तळहाताएवढे पापुद्रे उशीवर पडायला लागले. रंग, मजुरी, सगळं पाण्यात गेलं. म्हणून आधी पारख कर. फूटभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दोन दिवस ठेव. थेंब आतल्या बाजूला धरले तर ओल भिंतीतच आहे. मग बाहेरची भेग किंवा गळका पाइप शोधावा लागेल, आणि ते काम मालकांचं. फोटोसकट लिहून कळव, तोंडी बोलू नकोस. ती भिंत सुकेपर्यंत तिच्यावर रुपया घालू नकोस. झाकायला वॉलपेपरचा स्टिकरही नको. आत लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर येणारा खार, वाढतच राहतो.

रंगवायचीच असेल तर समोरची कोरडी भिंत रंगव, तीही मालकांची परवानगी घेऊन. 10 बाय 10 ची भिंत म्हणजे 100 चौरस फूट. दोन हात द्यायला लिटरभर इमल्शन साधारण पुरतं. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजव, पॉलिश पेपर मार, प्रायमर दे, मगच रंग. गडद रंगाचा मोह मला कळतो, पण घर सोडताना तो पुन्हा पांढरा करायला जास्त हात लागतात. आणि छटा रात्री, नव्या दिव्याखाली बघून ठरव.

आता पडदे. आईच्या ट्रंकेत नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साड्या असतीलच. साडी साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. आडवी कापून 6-6 फुटांचे तीन भाग कर. काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, त्यामुळे बाजू दुमडून शिवायचंही काम नाही. फक्त वर दांड्यासाठी नेफा आणि खाली दुमड. दोन भाग खिडकीला. पदराचा तिसरा भाग ओट्याखालच्या उघड्या फळ्यांना लाव, तिथे तो अगदी उठून दिसतो. रेशमी साडी घेऊ नकोस, उन्हाने वर्षभरात विरते. आणि कात्री लावण्याआधी आईला फोन कर. कुठली साडी द्यायची ते तिला ठरवू दे.

उरलेल्या पैशांत सोफा येणार नाही, येऊही नये. गावाकडची कापसाची गादी आणून पिंजून घे, वर सोलापुरी चादर घाल, भिंतीशी दोन लोड ठेव. चार माणसं आरामात बसतात. टोपल्या बुरुड आळीत बघ. एखादं लाकडी स्टूल किंवा फळी हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार. लाकूड उलटं करून बघ, बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून दे. ती कीड तुझ्या दारांपर्यंत जाईल.

पडदे मीच शिवून देते, मशीन अजून चालू आहे. मापं पाठव. रुंदी खिडकीची नको, दांड्याची घे, आणि दांडा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त ठेव, म्हणजे पडदा सारल्यावर काच झाकली जाणार नाही. दांड्यापासून फरशीपर्यंतची उंची दोन्ही टोकांना मोज. जुन्या इमारतीत ती सारखी नसते.

तुझी,
काकू